थाळनेर फाट्यावरचा मुक्काम

प्रवास ठरला की आपल्या घरांत सगळ्यात आधी डबे निघतात. कुठे जायचे, किती दिवस राहायचे, यावर पुरुष मंडळी बोलत बसतात, तोवर स्वयंपाकघरात खिम्याचे पराठे, लसणाची चटणी, गुळपापडी, नानखटाई हे सगळे ठरून गेलेले असते. बाहेरचे खाणे हलाल आहे की नाही ही विचारपूस टळते आणि पंधरा-सोळा माणसांच्या जेवणाचा खर्चही वाचतो. त्यामुळे आपल्याकडची सहलीची गाडी म्हणजे चाकांवरचे घरच असते. सतरंज्या, उशा, पाण्याचे कॅन, मुसल्ले, लोटा, औषधांची पिशवी, आणि कुणीतरी हट्टाने घेतलेले चहाचे पातेले.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारने ‘कॅरॅव्हॅन पर्यटना’चे धोरण आणले. झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन हिंडायचे, अशी ही कल्पना. उर्दूच्या तासाला आम्ही हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा मुलांनी लगेच ओळखले की हा तर आपला कारवाँ. फारसीतला कारवाँ युरोपात गेला, तिथे त्याला चाके लागली आणि वेश पालटून तो घरी परत आला. पण जुन्या कारवाँत आणि आजच्या गाडीत एक मोठा फरक आहे. कारवाँ रोज थांबायचा. दिवसाची चाल संपली की मंझिल यायची. तिथे सराय असायची, विहीर असायची, गावचा बाजार असायचा, अनोळखी माणसांशी बोलणे व्हायचे. आमच्या गाड्या टोलनाक्यावर आणि पेट्रोल पंपावर थांबतात. बाकी कुठे थांबायची वेळ आली तर ‘गाडी बंद पडली’ म्हणून आपण डोक्याला हात लावतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आमची गाडी अशीच बंद पडली. त्या दिवसाबद्दल लिहावे असे बरेच दिवस मनात होते, कारण आमच्या कुटुंबातला एक अडलेला निर्णय त्या दिवसामुळे मार्गी लागला.

बेत मांडूचा होता. अमळनेरहून निघायचे, तापी ओलांडून चोपड्याला जायचे, तिथून आपा, दुल्हाभाई आणि त्यांच्या मुलांना घ्यायचे, मग शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट चढून सेंधवा आणि पुढे मांडू. होशंगशाहचा संगमरवरी मकबरा, जहाज महल, सगळे पाहून तिसऱ्या दिवशी परत. गाडी भाड्याची, सतरा सीटची. आम्ही सगळे मिळून सोळा जण, त्यात सत्तरी ओलांडलेल्या अम्मी आणि सहा मुले. अब्बांच्या इंतकालनंतर सगळे भावंडे एकत्र बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ होती.

चोपडा सोडल्यावर गाडीत जे बोलणे निघाले ते सहलीचे नव्हते. आपाची मोठी मुलगी, आमची भाची, तेव्हा बारावीला होती. तिला फार्मसी करायची होती. खानदेशात त्या शिक्षणासाठी शिरपूरचे नाव आहे आणि चोपड्याच्या कितीतरी मुली बसने तिथे जातात-येतात. आपा तयार होत्या. दुल्हाभाईंना शिक्षण नको होते असे नाही, त्यांना रस्ता नको होता. ‘‘एकटी पोरगी, रोज एवढा रस्ता. पावसाळ्यात संध्याकाळी मधेच बस बंद पडली तर? कुणाच्या दारात उभी राहील?’’ हा त्यांचा एकच सवाल होता आणि त्याला आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हते. मुलीच्या बापाच्या काळजीला ‘जमाना बदललाय’ हे उत्तर होऊ शकत नाही. भाची खिडकीबाहेर बघत गप्प बसली होती.

अनेर नदी ओलांडून गाडी धुळे जिल्ह्यात शिरली. उजवीकडे सातपुडा, दोन्ही बाजूंना केळी आणि फुटलेला कापूस. थाळनेर फाटा जवळ आला तेव्हा ड्रायव्हरभाईंचे बोलणे एकदम थांबले. तापमानाचा काटा वर गेला होता. त्यांनी गाडी डाव्या बाजूला साईडपट्टीवर घेतली आणि बॉनेटखालून वाफ आली. वॉटर पंप गळत होता, इंजिनातले पाणी निघून गेले होते.

इथे ड्रायव्हरभाईंनी जे केले ते प्रत्येक घरात माहीत असावे, म्हणून सांगतो. चारही इंडिकेटर एकदम लावले. गाडीच्या बऱ्याच मागे लाल त्रिकोण ठेवला आणि त्याच्यामागे रस्त्याच्या कडेला दोन मोठे दगड व एक झाडाची फांदी. रेडिएटरचे झाकण कुणाला हात लावू दिले नाही. उकळते पाणी दाबाने उसळते आणि तोंड-हात भाजतात. इंजिन पुरते थंड होईपर्यंत थांबावेच लागते. आणि सगळ्यांना खाली उतरवले, तेही रस्त्याच्या नव्हे तर शेताच्या बाजूने. ‘‘उभ्या गाडीत बसू नका. ट्रक मागून ठोकतात,’’ ते म्हणाले. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे, आणि कुठल्याही रस्त्यावर संकट आले तर ११२. हे दोन आकडे तेव्हापासून आमच्या घरातल्या सगळ्या मुलांना पाठ आहेत.

सगळे उतरलो, पण बिचकत. गाडीत सहा बुरखे, दोन दाढ्या, टपावर बांधलेले सामान. अनोळखी गावाची शीव. मोबाईलवर रोज जे व्हिडिओ येतात ते त्या क्षणी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आले असणार. भाई हळूच म्हणाले, ‘‘मुलांना जवळ ठेवा. कुणी काही विचारलं तर मी बोलतो.’’ कुठून आलो, कुठे चाललो, गाडीत काय आहे, याची उत्तरे आमच्यातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने मनात जुळवून ठेवली. पुढे ती लागली नाहीत. पण ती जुळवावी लागली, हेही या हकिकतीत यायला हवे. नाहीतर ती अर्धीच होईल.

पहिला माणूस थांबला तो मोटरसायकलवरचा एक शेतकरी. पन्नाशीचे गृहस्थ, डोक्यावर टोपी, गळ्यात तुळशीची माळ. ‘‘काय हुयनं भाऊ? गाडी तापनी का?’’ भाईंनी मराठीत सगळे सांगितले. त्यांनी बायका-मुलांकडे बघितले आणि शेताकडे हात केला. ‘‘उन्हामा काय बठनात? मळामा चला. लिंबना खाले सावली से.’’

आम्ही एकमेकांकडे बघत होतो, तेवढ्यात अम्मी पुढे झाल्या. ‘‘भलं होवो तुनं, भाऊ,’’ म्हणाल्या आणि काठी टेकत चालूही लागल्या. मुले चकित. आमच्या घरात उर्दू चालते, बाहेर मराठी, मुलांच्या शाळेत इंग्रजी. दादीला अहिराणी येते हे त्यांच्या गावीही नव्हते. अम्मींचे माहेर पारोळा तालुक्यातले. त्यांचे वडील आठवडी बाजारात कापड विकायचे आणि घरातली सगळी मुले शेजारपाजारच्या बोलीत वाढली. आमच्या पिढीने ती बोली मागे ठेवली, कारण ती शाळेत चालत नव्हती. त्या दिवशी प्रमाण मराठी, उर्दू आणि इंग्रजी बोलणारे पंधरा जण रस्त्यावर उभे राहिले आणि शाळेची चार इयत्ता शिकलेल्या अम्मींनी आमच्यासाठी मळ्याचे दार उघडले.

मळ्यात विहीर होती, मोटारीची खोली होती, लिंबाचे मोठे झाड होते. काकांनी (पुढे दिवसभर आम्ही त्यांना काकाच म्हणत होतो) आपल्या मुलाला बोलावले आणि ड्रायव्हरभाईंना त्याच्या गाडीवर बसवून शिरपूरला मिस्त्रीकडे पाठवले. तासाभराने फोन आला. मिस्त्री यायला तयार होता, पण पंप शिरपुरात मिळत नव्हता. धुळ्याचा दुकानदार तो बसमध्ये ठेवून देणार होता. म्हणजे असरपर्यंत काही होत नाही. मांडूच्या गेस्ट हाऊसला फोन केला, तर त्यांनी आगाऊ पैशांतले निम्मे कापले जातील असे सांगितले. मुलांची तोंडे उतरली. सगळ्यात लहान पुतण्या तर रडायलाच लागला.

जोहरची वेळ झाली तेव्हा त्याच पुतण्याने विचारले, ‘‘गाडी तर बंद पडली. मग आपण आता मुसाफिर आहोत का?’’ प्रश्न चांगला होता. हनफी उलेमा ४८ मैल, म्हणजे साधारण ७७ किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या प्रवासाला सफर धरतात. तेवढ्या अंतराच्या इराद्याने माणूस आपल्या गावाची हद्द ओलांडतो तेव्हा कसर सुरू होते आणि चार रकातच्या फर्ज नमाजा दोन रकात होतात. वाटेत एका ठिकाणी पंधरा दिवस राहण्याची नियत केली नाही तोवर ती सवलत राहते. गाडी चालते की उभी आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. दुल्हाभाईंनी मुलांना हे समजावले आणि म्हणाले, ‘‘गाडी बंद पडली म्हणून मुसाफिरी बंद पडत नाही.’’ रस्त्यावर अडकल्याची लाज होती, ती या वाक्याने थोडी कमी झाली. अल्लाहतआलाने अडलेल्या माणसाला बिचारा म्हणून नव्हे, तर एक हक्कदार म्हणून मोजले आहे. सूरह तौबामध्ये जकातचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत एक मुसाफिर आहे. घरी तो श्रीमंत असेल, पण वाटेत अडला की त्याचा हक्क तयार होतो.

वुजूसाठी विहिरीचे पाणी होते. तोवर मळ्यावर आलेल्या काकूंनी कुणी काही न सांगता मोटारीच्या खोलीच्या दाराला एक जुने लुगडे बांधून बायकांसाठी आडोसा केला. किब्ल्यासाठी मुले मोबाईलवर दिशा शोधू लागली. काकांनी विचारले काय शोधता, आणि कळल्यावर हसून समोरच्या शेताच्या बांधाकडे बोट दाखवले. ‘‘मावळत तिकडे. रोज बघतो मी.’’ केळीच्या पानांवर पाण्याचे थेंब, समोर कापूस, मागे सातपुडा. आम्ही सगळ्यांनी जमाअत करून दोन रकात पढल्या. काका तेवढा वेळ आपल्या कुत्र्याला धरून लांब उभे राहिले.

अम्मींना साखरेचा त्रास आहे. त्यांचे जेवण वेळेवर व्हावे लागते आणि इन्सुलिन थंड राहावे लागते. बर्फाचा डबा दुपारपर्यंत कोमट झाला होता. काकूंनी ती औषधाची डबी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवली. मग चूल पेटवली. वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. सोळा माणसांना पुरेल एवढे पीठ घरात होते की नव्हते, हे आम्हाला आजही माहीत नाही. आमच्या मुलांनी उत्साहाने आपले डबे उघडायला घेतले, तेव्हा अम्मींनी डोळ्यांनीच थांबवले. काकांच्या गळ्यात माळ होती, डब्यात खिमा होता. त्यांनी गुळपापडी, नानखटाई आणि खजूर काढून पुढे ठेवले. माळकऱ्यांच्या मळ्यात आमचे खिम्याचे डबे दिवसभर बंद राहिले. कुणी कुणाला काही सांगावे लागले नाही. शेजारधर्म म्हणजे असेच असते. समोरचा काय खातो यापेक्षा तो काय खात नाही, हे आधी लक्षात ठेवावे लागते.

जेवताना अम्मी आणि काकू बोलत होत्या आणि भाची कान देऊन ऐकत होती. काकूंची मुलगी शिरपूरला डी. फार्मसी करत होती. रोज बसने. अम्मींनी जे विचारले ते दुल्हाभाईंच्या मनातलेच होते. बस बंद पडली तर पोर काय करते? काकूंना त्या प्रश्नाचे नवल वाटले. बसमध्ये पंधरा-वीस पोरी असतात, कंडक्टर ओळखीचा असतो, आणि या रस्त्यावर कुठेही बस थांबली तरी कुणाचा ना कुणाचा मळा असतोच. ‘‘आमना आठेच येतीस,’’ त्या म्हणाल्या. इथेच येतात. दुल्हाभाई भाकरी हातात धरून ऐकत राहिले. काही बोलले नाहीत.

दुपारी काकाच म्हणाले, ‘‘मांडू गेलं तर जाऊ द्या. थाळनेर बघितलंय का? तुमच्या राजांच्या कबरी आहेत.’’ आम्ही बघितलेले नव्हते. अमळनेरपासून एवढ्या जवळ राहून, शाळेत वर्षानुवर्षे खानदेशचा इतिहास शिकवून, थाळनेर आमच्यासाठी एसटीच्या पाटीवरचे नाव होते. अम्मी आणि आपा काकूंजवळ थांबल्या. बाकीचे एका रिक्षात दाटीवाटीने बसून दोन फेऱ्यांत फाट्यावरून गावात गेलो.

थाळनेर तापीच्या काठावर आहे. काठावर किल्ल्याचे अवशेष आहेत आणि गावाजवळ फारुकी घराण्याचे मकबरे. खानदेशचे हे राज्य इथूनच सुरू झाले. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा याला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली. करवंद हे आजही शिरपूरजवळचे गाव आहे. १३८२ पासून मलिक राजा स्वतंत्रपणे राज्य करू लागला. हे घराणे आपली वंशावळ हजरत उमर फारुक (रजि.) यांच्यापर्यंत नेत असे, म्हणून ते फारुकी. १३९९ मध्ये मलिक राजा वारला आणि त्याला इथेच दफन केले. त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड घेतला आणि तापीकाठी नवे शहर वसवले. त्याला खुलताबादला विसावलेल्या शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले, तेच बुऱ्हाणपूर. या राजांच्या ‘खान’ या किताबावरून आपल्या मुलखाला खानदेश नाव पडले, असे अनेक जण मानतात. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला तेव्हा हे राज्य संपले. अकबराने शहजादा दानियालच्या नावावरून मुलखाला ‘दानदेश’ म्हणायला लावले. ते नाव टिकले नाही, लोकांच्या तोंडी खानदेशच राहिला.

मकबऱ्यांचे घुमट काळवंडले आहेत. त्यांतला एक अष्टकोनी आहे, त्याच्या दगडांवर नक्षी आहे. मुलांनी त्याच्या आठ बाजू हात लावत मोजल्या. मांडूच्या घोरी सुलतानांशी फारुकींची सोयरीक होती, हे सांगितल्यावर भाची म्हणाली, ‘‘म्हणजे आपण मांडूला निघालो आणि त्यांच्या व्याह्यांकडे उतरलो.’’ सकाळपासून ती पहिल्यांदा हसली. आम्ही तिथे फातिहा पढली. किल्ल्याच्या बाजूने तापी दिसते. १८१८ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला. गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली, ती मुलांना सुलतानांपेक्षा जास्त आवडली. लता मंगेशकरांच्या आईचे माहेर याच गावचे.

या गावावरून पूर्वी मोठा रस्ता जात असे. सतराव्या शतकात टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला. त्याने वाटेतल्या मुक्कामांची यादी लिहून ठेवली आहे. त्यात नंदुरबार आहे, थाळनेर आहे आणि चोपडाही आहे. आग्र्याकडून येणारे व्यापारी याच वाटेने सुरतेला जात, आणि सुरत म्हणजे तेव्हा ‘मक्केचा दरवाजा’. हजला निघालेले लोक तिथे जहाजात बसत. कितीतरी हाजींनी या तापीच्या पाण्याने वुजू केले असेल. त्यांच्यासाठी थाळनेर एक मंझिल होती. वेळापत्रकातच तिची जागा होती. आमच्या वेळापत्रकात ती नव्हती, म्हणून एक पंप गळावा लागला.

पाचच्या सुमाराला मिस्त्री आणि पंप दोन्ही आले. अंधार पडायला लागल्यावर गाडी सुरू झाली. मिस्त्रीने आपली मजुरी घेतली, ती वाजवी होती. काकांनी मात्र पैशांकडे बघितलेही नाही. भाईंनी मुलाच्या हातात काही द्यायचा प्रयत्न केला तर तो मागे सरला. मग अम्मींनी काकूंना जवळ घेतले आणि त्यांच्या मुलीसाठी दुआ केली. मुसाफिराची दुआ रद्द होत नाही, असे हदीसमध्ये आले आहे. रस्त्यावर अडकलेल्याकडे द्यायला असेच काहीतरी असते आणि ते लहान नसते.

गाडी निघणार तेवढ्यात ड्रायव्हरभाई टॉर्च घेऊन मागे चालत गेले. सकाळी ठेवलेले दगड आणि फांदी उचलून त्यांनी शेताच्या कडेला टाकले. आपल्या रस्त्यांवर दुरुस्त झालेल्या गाड्या निघून जातात आणि दगड तिथेच राहतात, रात्री एखादा मोटरसायकलवाला त्यांवर आदळतो. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले. ही हदीस वर्गात आम्ही किती वेळा सांगितली असेल. मुलांना ती त्या टॉर्चच्या उजेडात कळली. तीन मुले पळत गेली आणि उरलेले दगड त्यांनी उचलले.

पुढे जायचे की परतायचे, हे ठरवायचे होते. रात्री बिजासन घाट, नुकतीच दुरुस्त झालेली गाडी, अम्मींचे औषध. भाई आणि आम्ही दोघे बोलत होतो, तोवर अम्मींनी निकाल दिला: ‘‘घरी चला. आजच्यासाठी एवढी सफर पुष्कळ झाली.’’ मांडू राहिले. गेस्ट हाऊसचे निम्मे पैसे गेले. लहान पुतण्या परत थोडा रडला, मग अष्टकोनी घुमटाचे चित्र काढतो म्हणाला आणि झोपून गेला. गाडीने तोंड वळवले तेव्हा दुल्हाभाई पुढच्या सीटवर होते. चोपडा येईपर्यंत ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे मळ्यातले दिवे बघत होते.

या दिवसाने सगळे प्रश्न सुटले असे आम्ही म्हणणार नाही. प्रत्येक रस्त्यावर असा मळा भेटतोच असे नाही, आणि मनात उत्तरे जुळवून ठेवण्याची वेळ आपल्यावर पुन्हाही येईल. पण भीती घरात बसून मोजली की वाढत जाते, हे आम्ही पाहिले. दुल्हाभाईंची भीती खोटी नव्हती. फक्त त्यांनी त्या रस्त्यावर चालते वाहन पाहिले होते, थांबलेले पाहिले नव्हते. थांबल्यावर तिथे माणसे दिसली.

तेव्हापासून आमच्या घरात काही गोष्टी ठरल्या आहेत. प्रवासाला निघताना एक डबा असा असतो की जो कुणालाही देता येईल, कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही माळेच्या माणसाला. औषधे एक दिवस जास्तीची असतात. बेत आखताना वाटेतल्या दोन-तीन गावांची माहिती आधी वाचून ठेवतो, म्हणजे थांबावे लागले तर थांबण्याला अर्थ येतो. अमळनेर–चोपडा रस्त्यावर कुणाची गाडी बंद दिसली तर आमच्यातले कुणीही ‘काय झाले’ एवढे विचारल्याशिवाय पुढे जात नाही. काकांचे ऋण काकांना फेडता आले नाही. ते असेच फिटते. आणि अम्मी दर शुक्रवारी मुलांना अहिराणीचे पाच-दहा शब्द शिकवतात. मुले ते शाळेत जाऊन मित्रांना ऐकवतात. घरातली एक भाषा हरवता हरवता परत आली.

भाचीने पुढच्या जूनमध्ये शिरपूरला प्रवेश घेतला. काकूंची मुलगी तिच्याच बसमध्ये असते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांची बस खरोखरच बंद पडली, फाट्याच्या थोडी अलीकडे, भर पावसात. चोपड्याला दुल्हाभाईंचा फोन वाजला तेव्हा आठ वाजत आले होते. भाची म्हणाली, ‘‘अब्बू, बस बंद पडली आहे. मी काकूंकडे बसले आहे. काका सोडायला येतील, नाहीतर सकाळच्या गाडीने येते.’’

आपा सांगतात, दुल्हाभाई क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी विचारले, ‘‘काकूंना सलाम सांग. आणि जेवलीस का?’’